दोन भिंगांचा कॅमेरा दुरुस्त करून मिळेल का हो?



मथळ्यातला प्रश्न मी जवळपास दोन वर्षं लोकांना विचारत हिंडत होतो. शिकागोतल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत विचारला, ऑफिसातल्या फोटोवेड्या गोऱ्यांना विचारला, मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या काकांनाही विचारला. बहुतेकांनी "दुसरा घे ना विकत" असा सल्ला दिला. एकाने तर "फोनमध्ये तसला फिल्टर असतो की" असंही सांगितलं. :-) शेवटी उत्तर मिळालं. पण ते मिळेपर्यंत पैसे गेले, वेळ गेला, आणि इंजिनियर असल्याचा माज बराचसा उतरला. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, निदान गावाकडच्या माळ्यावर, असा एखादा कॅमेरा पडलेला असणार. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सगळं लिहून काढतोय. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. हा कॅमेरा म्हणजे एक उभा चौकोनी डबा, आणि पुढे एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरचं भिंग फक्त बघायला, खालचं फोटो काढायला. वरच्या भिंगातून आलेलं चित्र आत तिरक्या आरशावर आपटून डोक्यावरच्या घासलेल्या काचेवर पडतं. म्हणून फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरतो आणि मान खाली घालून बघतो. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे नवशिक्या माणूस नवरदेवाला मधोमध आणायला जातो आणि नवरदेव चौकटीबाहेर पळतो. फिल्म १२० ची, फोटो सहा बाय सहा सेंटिमीटरचा चौकोनी, आणि एका रोलमध्ये मोजून बारा.

या जातीला खरी प्रतिष्ठा दिली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके कंपनीने. त्यांचा पहिला रोलीफ्लेक्स १९२९ साली आला. पुढे जपानी कंपन्यांनी तीच घडण उचलली. याशिका, मिनोल्टाचा ऑटोकॉर्ड, भिंगं बदलता येणारा मामिया. रशियाचा लुबिटेल आणि चीनचा सीगल हेही त्याच कुळातले. होमाई व्यारावाला, आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, रोलीफ्लेक्स वापरायच्या. आणि आम्हा शिकागोकरांची विव्हियन मायर! आयुष्यभर लोकांची मुलं सांभाळली, फावल्या वेळात रोलीफ्लेक्स गळ्यात अडकवून रस्त्यावर फोटो काढले. २००७ साली तिच्या निगेटिव्हची खोकी लिलावात विकली गेली. २००९ मध्ये ती वारली, आणि त्यानंतरच जगाला तिचं नाव कळलं.

असो. माझा कॅमेरा इतका खानदानी नाही. आणि खरं तर तो माझा नाहीच, बाबांचा आहे.

चिपळूणचा याशिका

आमचं गाव चिपळूण. बाबांचा बाजारपेठेत छोटा फोटो स्टुडिओ होता. १९८७ साली दुबईहून परतलेल्या एका गाववाल्याकडून त्यांनी याशिका-मॅट १२४ जी घेतला, तोही पतपेढीचं कर्ज काढून. हे मॉडेल १९७० साली निघालं आणि १९८६ पर्यंत बनत होतं. म्हणजे बाबांच्या हातात तो आला तेव्हा कंपनीने त्यावर फुली मारलेली होती. त्यांना त्याचं काय! त्याच्यावर त्यांनी पंचक्रोशीतली लग्नं काढली. एका लग्नाला दोन रोल, म्हणजे चोवीस फोटो. त्यात अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी, दोन्हीकडच्या मानकऱ्यांचे ग्रुप, आणि शिवाय रुसलेला एक तरी मामा बसवायचा. आज आपण नुसत्या केकचे चोवीस काढतो. त्या कॅमेऱ्याच्या कमाईवर मी आणि ताई शिकलो. माझ्या इंजिनियरिंगच्या फीचा बराचसा भाग त्या खालच्या भिंगातून आलेला आहे.

२६ जुलै २००५ च्या पुरात दुकानात पाणी कुठवर आलं त्याची रेघ बाबांनी भिंतीवर मारून ठेवली होती. निगेटिव्हचं कपाट त्या रेघेच्या हातभर वर चढवलं होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी त्या रेघेला विचारायला थांबलंच नाही. तीन दशकांच्या निगेटिव्ह चिखलात गेल्या. बाबांनी तीन दिवस बादलीत एकेक पट्टी धुऊन दोरीवर वाळत घातली. पण फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, तो पाण्यात फुगतो आणि सुटून येतो. चौथ्या दिवशी त्यांनी दोरी काढून टाकली. हे सगळं मी इथून फोनच्या पडद्यावर बघितलं. कोविडचे दिवस, व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकण्याची भीती, नोकरी. कारणं सगळी खरी होती, पण मी गेलो नाही हेही खरं. आपल्यातल्या अनेकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कॅमेरा तेवढा वाचला, कारण तो घरी पोटमाळ्यावर होता. वाचला म्हणजे बुडाला नाही, इतकंच. चामड्याच्या पेटीत, कोकणच्या दमट हवेत, कित्येक वर्षं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये घरी गेलो तेव्हा बाबांनी पेटी माझ्या पुढ्यात ठेवली. "घेऊन जा तिकडे. इथं बुरशी खाईल." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "चालू झाला तर सांग. नाही झाला तर मुद्दाम सांगू नकोस."

इंजिनियर दुरुस्ती करतो

कॅमेऱ्याची अवस्था अशी होती. फोकसचं चाक दोन्ही हातांनी फिरवावं लागे. हॅन्डल फिरवताना दळण दळल्यासारखा आवाज यायचा. वरच्या भिंगात कोळ्याचं जाळं पसरावं तशी बुरशी, खालच्यात कडेला थोडी. आणि शटर मंद. किती मंद ते मोजायला मी हौसेने एक यंत्र बनवलं. प्रकाश पडला की विजेचा इशारा देणारा फोटोट्रान्झिस्टर घ्यायचा, तो माइकच्या पिनला जोडायचा, कॅमेऱ्याची पाठ उघडून भिंगामागे धरायचा, पुढून टॉर्च मारायची आणि शटर दाबायचं. कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये एक उंचवटा उमटतो, त्याची रुंदी म्हणजे शटर उघडं राहिल्याचा वेळ. खर्च चार-पाच डॉलर. एक सेकंदाच्या जागी सव्वादोन सेकंद निघाले, आणि १/५०० च्या जागी १/२६०.

हे असं का होतं? या शटरच्या पोटात एक बारीक गिअरची माळ असते, आपल्या जुन्या चावीच्या घड्याळात असते तशी. मंद वेगांना, म्हणजे एक सेकंद, अर्धा, पाव, ही माळ पात्यांना थोपवून धरते. तिच्यातलं वंगण वर्षानुवर्षांनी मेणासारखं घट्ट होतं आणि माळ रेंगाळते. पाती मात्र कोरडीच चालायची असतात. कागदासारखी पातळ पाती एकमेकांवर सरकतात. त्यांच्यात तेलाचा थेंब जरी गेला तरी ती दोन ओल्या काचांसारखी चिकटतात.

हे ज्ञान मला आता आहे. मार्च २०२३ मध्ये नव्हतं. तेव्हा मी दोन व्हिडिओ बघितले, पुढची काच उघडली आणि शिलाई मशीनचं तेल काडीच्या टोकाने आत सोडलं. पाच मिनिटं शटर असं सुरेख चाललं की मी बायकोला हाक मारून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अर्धवट उघडून तिथेच थांबलं.

बाबांना मी काही सांगितलं नाही. "चालू झाला तर सांग" या वाक्याचा आडोसा होताच.

दुकान नंबर एक

मग एका मोठ्या दुकानात दिला. काउंटरवरचा मुलगा गोड होता. "आमच्याकडे सगळे फिल्म कॅमेरे दुरुस्त होतात" म्हणाला. चार महिन्यांनी कॅमेरा परत आला, सोबत "सुटे भाग उपलब्ध नाहीत" अशी चिठ्ठी आणि तपासणीचे चाळीस डॉलर. स्क्रूंची डोकी चुकीच्या पेचकसाने खरवडलेली होती. नंतर कळलं की त्यांनी तो कुठेतरी बाहेर पाठवला होता. तिथे ज्याने उघडला त्याला बहुधा या जातीच्या कॅमेऱ्याची सवय नव्हती.

पहिला धडा इथे शिकलो. "फिल्म कॅमेरा दुरुस्त करणारा" आणि "दोन भिंगांचा कॅमेरा दुरुस्त करणारा" या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि त्यांतही रोलीफ्लेक्सवाले वेगळे, याशिकावाले वेगळे. बरेच चांगले कारागीर याशिका घेतच नाहीत, आणि त्यांचं कारण अगदी व्यवहारी आहे. नीट काम करायचं तर दोन्ही कॅमेऱ्यांना सारखेच तास लागतात. रोलीफ्लेक्सच्या किमतीपुढे ती मजुरी शोभते, याशिकाच्या किमतीपुढे ती कॅमेऱ्याइतकीच होते. गिऱ्हाईक कुरकुरतं, कारागीर वैतागतो.

कारागीर आटण्याची कारणंही यातच आहेत. याशिका १९८३ साली क्योसेराने घेतली आणि २००५ मध्ये क्योसेराने कॅमेऱ्यांचा धंदाच बंद करायचं ठरवलं. रोलीफ्लेक्सचा ब्राउनश्वाइगचा कारखाना दिवाळखोऱ्या पचवत नवनव्या नावांनी तगून राहिला, पण शेवटी नवे रोलीफ्लेक्स बनवणारी डीएचडब्ल्यू कंपनी २०१५ साली बंद झाली. त्यामुळे नवे सुटे भाग नाहीत. एका कॅमेऱ्याला जगवायचं तर दुसरा मेलेला कॅमेरा फोडावा लागतो. शिकवणारेही राहिले नाहीत. एकेकाळी कोलोरॅडोतल्या नॅशनल कॅमेरा नावाच्या संस्थेत टपालानेसुद्धा कॅमेरा दुरुस्ती शिकवायचे. आज जे सत्तरीचे कारागीर भेटतात त्यांच्यातले काही तिथे शिकलेले असतात.

पत्ता लागला तो असा

दुकानांचा नाद सोडून मी उलट बाजूने शोध सुरू केला. ज्यांना हा कॅमेरा रोज चालूच लागतो ते लोक कोण? कॉलेजात डार्करूम शिकवणारे मास्तर, चौकोनी फिल्मवर पोर्ट्रेट काढणारे व्यावसायिक, आणि फिल्म धुऊन देणाऱ्या लॅब. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात फोटोग्राफीच्या बाईंना विचारलं. त्यांनी दोन मिनिटांत एक फोन नंबर लिहून दिला. लॅबवाल्याला विचारलं तर त्यानेही तोच नंबर दिला. दोन अनोळखी माणसं एकच नाव सांगतात तेव्हा ते खरं धरायचं, हा आपल्याकडचा वैद्य शोधायचा नियम इथेही लागू पडतो.

माणूस निघाला विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावातला, वय ७६. वेबसाइट नाही, ईमेलला उत्तर नाही. फोन केला तर त्यांनीच मला प्रश्न विचारले. हॅन्डल कुठे अडतं? पुढे फिरवताना की उलटं आणताना? शटर कोणत्या वेगाला चिकटतं? आधी कुणी उघडलाय का? शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो, "एका दुकानाने." हे अर्धसत्य होतं.

एप्रिल २०२४ मध्ये तीन तास गाडी चालवून गेलो. तळघरात त्यांचं टेबल. भिंतीला औषधाच्या दुकानासारखे लहान लहान खण, प्रत्येकावर मॉडेलचं नाव. एका फळीवर फोडलेले कॅमेरे ओळीने. त्यांनी माझा कॅमेरा दिव्याखाली धरला, भिंगातून आत बघितलं आणि चष्मा वर करून म्हणाले, "शिलाई मशीनचं तेल. दुकानवाला हे करणार नाही. हे घरचं काम आहे."

मी कबूल केलं. त्यांनी काही सुनावलं नाही. एवढंच म्हणाले, "निदान तू डब्ल्यूडी-४० तरी मारलं नाहीस."

मग त्यांनी काय करावं लागेल ते सांगितलं. शटर पूर्ण सुटं करून धुवायचं. फोकसच्या जुन्या ग्रीसचा कण न् कण काढून नवं भरायचं. वरचा आरसा बदलायचा. या आरशाला चांदी पुढच्या बाजूने असते, घरच्या आरशासारखी काचेमागे नव्हे, म्हणून तो कपड्याने पुसला तरी खराब होतो. फिल्म सरकवण्याच्या गिअरचं एक चाक झिजलंय, ते मेलेल्या कॅमेऱ्यातून काढून घालायचं. आणि सगळ्यात शेवटी दोन्ही भिंगांचा मेळ घालायचा. वरच्या भिंगात जे स्पष्ट दिसतं तेच खालच्या भिंगातून फिल्मवर स्पष्ट उमटलं पाहिजे. इथे केसभर चूक झाली तर दिसताना सगळं झकास आणि फोटोत नवरीचं नाक धूसर, कान स्पष्ट!

एक गोष्ट त्यांनी माझ्यावर सोडली. खालच्या भिंगाला कडेला बुरशी होती. ती साफ होईल, पण बुरशीच्या आम्लाने काच खाल्लेली आहे, तिथे पुसट जाळी राहील. फोडलेल्या कॅमेऱ्यांत एक स्वच्छ भिंग होतं. "साठ डॉलर जास्त दे, तेच बसवतो. फोटो थोडे चांगले येतील." इंजिनियर म्हणून उत्तर सरळ होतं. पण आमच्या गावची दीड-दोन हजार लग्नं या काचेतून गेली होती आणि त्यांच्या निगेटिव्ह आता नव्हत्या. मी म्हणालो, "आहे तेच राहू द्या." त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: मूळ भिंग ठेवणे, गिऱ्हाइकाची इच्छा.

लाइट मीटरही मेलेला होता, तो तसाच ठेवला. तो मूळचा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालणारा. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने ते सेल बंद झाले. दीड व्होल्टचा साधा सेल घातला तर मीटर चुकीचं माप देतो. ज्यांचा मीटर जिवंत असेल त्यांनी श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल वापरावेत, त्यांचा दाब जवळपास तेवढाच असतो. बाबांनी मीटर कधी बघितलाच नव्हता. कडक ऊन असेल तर छिद्र १६ आणि फिल्मचा वेग १०० असेल तर शटर १/१२५, ढग आले की एक घर खाली, मांडवात दोन घरं खाली. हे त्यांचं गणित, आणि ते कधी चुकलेलं मला आठवत नाही.

काम व्हायला सात महिने लागले. बिल झालं २३५ डॉलर. त्याच सुमारास तसलाच चालू कॅमेरा तीनशेच्या आसपास मिळत होता. म्हणजे "दुसरा घे" म्हणणारे हिशोबाने फार चुकत नव्हते, हे कबूल.

ज्यांना दुरुस्ती करायची आहे त्यांच्यासाठी

आता कामाचं बोलू.

१. द्यायच्या आधी घरी तपासा. पाठ उघडून प्रत्येक वेगाला शटर उघडझाप करताना बघा. एक सेकंदाला मधेच अडखळलं तर धुणं आलंच. फोकसचा मेळ तपासायला, फिल्म जिथे टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावा, शटर "बी" वर उघडं धरा आणि वर दिसणारं चित्र नि पट्टीवरचं चित्र ताडून बघा. भिंगात टॉर्च मारून बुरशी बघा.

२. काहीही जोर लावून फिरवू नका. मिनोल्टा ऑटोकॉर्डवाल्यांनी तर विशेष जपावं. ग्रीस घट्ट झालेलं असताना त्याची फोकसची दांडी रेटली की तुटते, आणि हा त्या मॉडेलचा ठरलेला आजार आहे.

३. कारागिराला चार प्रश्न विचारा. याच मॉडेलचे किती उघडलेत? दोन्ही भिंगांचा मेळ तपासून देणार का? किती महिन्यांची हमी? आणि बदललेले भाग परत देणार का? जो वैतागेल त्याच्याकडे देऊ नका. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. "साफ करणे, वंगण, जुळवणी" एवढं नुसतं बिलावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यातलं नक्की काय काय केलं ते विचारा.

४. तुम्ही आत काही उद्योग केला असेल तर सांगून टाका. डॉक्टरपासून आणि कॅमेरेवाल्यापासून लपवू नये. त्यांना ते कळतंच.

५. टपालाने पाठवताना शटर ताणलेलं ठेवू नका, फोकस आत मिटवा, सेल काढा, खोक्यात खोकं घाला, विमा उतरवा. सोबत तक्रारींची चिठ्ठी आणि फिल्म सरकवून बघायला एक वाया गेलेला रोल द्या.

६. भारतातून आणताना हातातल्या सामानातच आणा. अमेरिकेतून दुरुस्तीला भारतात नेत असाल तर जाताना कस्टम्सचा ४४५७ नंबरचा फॉर्म भरून शिक्का घ्या, म्हणजे परत येताना "हा माझाच" हे सिद्ध होतं. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराकडे आणि दिल्लीत चांदनी चौकातल्या कूचा चौधरीत कॅमेऱ्यांचा बाजार आहे. तिथे विचारपूस केली तर जुने हात सापडू शकतात. फिल्म बरोबर असेल तर विमानतळावर नवीन सीटी स्कॅनरमधून घालू नका, हाताने तपासायची विनंती करा. चेक-इन बॅगेत तर मुळीच नको.

७. दुरुस्तीनंतर महिन्यातून एकदा सगळे वेग चालवा. चामड्याच्या पेटीत बंद करू नका, चामडं ओल धरून ठेवतं. कोकण, मुंबई, मॉरिशस अशा दमट जागी सिलिका जेल ठेवा आणि अधूनमधून उजेड दाखवा. आखातातल्या मंडळींनी उन्हात गाडीत कधी ठेवू नये. उष्णतेने ग्रीसमधलं तेल सुटतं आणि पात्यांवर पसरतं, म्हणजे माझ्या हातून झालं तेच आपोआप होतं.

८. १/५०० हवा असेल तर शटर ताणायच्या आधी लावा. आणि जुन्या कॅमेऱ्याचा सेल्फ टायमर, तो धुतलेला आहे याची खात्री नसेल तर, वापरूच नका. मधेच अडकला की सगळं शटर अडकतं.

एक सेकंद

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅमेरा आणायला गेलो, तेव्हा तळघरात विशीतली एक मुलगी बसली होती. दर शनिवारी शिकायला येते म्हणे. तिच्यापुढे एक सीगल उघडलेला होता, आणि आजोबा मागे हात बांधून उभे होते, मदत न करता. बघून बरं वाटलं.

घरी येऊन मोजलं. एक सेकंद बरोबर एक सेकंद. १/५०० ला १/४१०, जे या वयाला उत्तम. एक रोल काढला, धुवून आणला. मुलगी बर्फात उभी आहे तो फोटो सगळ्यात चांगला आला.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला. फोटो दाखवायच्या आधीच ते म्हणाले, "एक सेकंदाचा आवाज ऐकव."

मी फोनच्या माइकजवळ कॅमेरा धरला आणि दाबला. झर्रर्र... टक्. बाबांनी डोळे मिटले होते. "परत." झर्रर्र... टक्. "परत." असं चार वेळा झालं. मग डोळे उघडून म्हणाले, "ठीक आहे."

त्या "ठीक आहे" वर मला राहवलं नाही, मी तेलाचं सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ओरडतील. ते आधी गप्प झाले आणि मग हसायलाच लागले. "मी खोबरेल घातलं होतं," म्हणाले. "अठ्ठ्याऐंशी साली. थंडीत शटर अडलं म्हणून. दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती." कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. ऑर्डर मित्राच्या क्लिक थ्रीवर कशीबशी निभावली, आणि रात्रीच्या एस. टी. ने मुंबईला जाऊन बोरा बाजारातल्या एका मेकॅनिककडे कॅमेरा नेला. त्याने वास घेऊन विचारलं, "याची भाजी करायची होती का?"

हे त्यांनी आईलासुद्धा आजवर सांगितलं नव्हतं. मागून आई म्हणाली, "तरीच बाटली संपली होती!"

मग त्यांनी फोटो बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाले, "फोकस बरोबर आहे. कडेला जाळी दिसतेय, ती आपलीच. पण पोरीच्या डोक्यावर एवढी जागा कशाला सोडलीस? फिल्म काय फुकट मिळते?"

पुढच्या मे महिन्यात आम्ही चिपळूणला जाणार आहोत, कॅमेरा आणि दहा रोल घेऊन. बाबा म्हणतात, ज्यांच्या लग्नाच्या निगेटिव्ह गेल्या त्यांच्यातली जी जोडपी अजून आहेत त्यांना बोलवू, प्रत्येकाला एक फोटो. दहा रोल म्हणजे एकशेवीस. यादी त्यांनी करायला घेतली आहे. हात थोडे थरथरतात, म्हणून हॅन्डल मी फिरवायचं आणि बटण त्यांनी दाबायचं असं ठरलंय.

असो, फारच लांबलं. कुणाला इंग्लंड, आखात, ऑस्ट्रेलिया किंवा भारतातल्या चांगल्या कारागिरांचा स्वतःचा अनुभव असेल तर जरूर कळवा, सगळ्यांच्या उपयोगी पडेल. तपशिलात काही चूक असल्यास चू. भू. द्या. घ्या. आणि माळ्यावरचा कॅमेरा खाली काढलात तर एकच विनंती, तेलाची बाटली दूर ठेवा. खोबरेलाचीसुद्धा.

कळावे, लोभ असावा.

शिकागोतला एक चिपळूणकर